पेट्रोलवर चालणारा स्नोब्लोअर हिवाळ्यानंतर बंद करून ठेवताना

अमेरिका-कॅनडातील मिनेसोटा, मिशिगन किंवा ओंटारिओसारख्या भागांत स्नोब्लोअर, म्हणजे साचलेला बर्फ उपसून बाजूला फेकणारे यंत्र, हिवाळाभर राबतो आणि उरलेले वर्ष गॅरेजच्या कोपऱ्यात उभा असतो. तो बिघडतो तो बहुधा या उभ्या काळात, आणि बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा टाकीत राहून गेलेल्या पेट्रोलमध्ये असते. म्हणून बाकीची कामे मागेपुढे झाली तरी चालतील, पण पेट्रोलचा निकाल लावल्याशिवाय यंत्रावर आच्छादन घालू नये. अर्थात घाईही नको. २०१८ मध्ये एप्रिलच्या मध्यावर मिनेसोटातील मिनीआपोलिसला मोठे हिमवादळ झाले होते.

तिकडे पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये सहसा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि पाणी फार झाले की त्याच्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. शिवाय पेट्रोलमधील हलके घटक महिन्या-दोन महिन्यांत उडू लागतात आणि कार्बुरेटरच्या वाटीत (पेट्रोल साठणाऱ्या तळच्या भागात) चिकट, पिवळसर थर उरतो. पेट्रोल पुढे सोडणाऱ्या मुख्य जेटचे छिद्र अतिशय बारीक असल्यामुळे ते या थराने सहज बुजते. मग पहिल्या बर्फाच्या सकाळी इंजिन सुरूच होत नाही, किंवा चोक ओढून ठेवला तरच कसेबसे चालते.

यावर उपाय दोन. ताज्या पेट्रोलमध्ये बाटलीवर दिलेल्या प्रमाणात स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारे द्रव्य) मिसळून टाकी भरावी आणि ते मिश्रण कार्बुरेटरपर्यंत पोहोचावे म्हणून इंजिन उघड्यावर दहा मिनिटे चालवावे; नाहीतर टाकी पूर्ण रिकामी करावी. अर्धवट भरलेली टाकी ठेवू नये. माझा कल रिकामी करण्याकडे आहे, कारण स्टॅबिलायझर पेट्रोल शिळे होण्याचा वेग कमी करतो, शिळे झालेले ताजे करत नाही. इंजिन थंड असताना हातपंपाने पेट्रोल डब्यात काढावे, नंतर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. एवढ्यावर थांबू नये. इंजिन निवल्यावर वाटीच्या बुडाचा निचऱ्याचा बोल्ट सैल करून खाली काचेची छोटी बरणी धरावी. थोडे पेट्रोल हमखास निघते, आणि त्यात पाणी असेल तर ते बरणीच्या तळाशी वेगळे दिसते. टाकीत पेट्रोल ठेवणार असाल, तर गॅसवर चालणारा वॉटर हीटर किंवा घर तापवणारी भट्टी असलेल्या खोलीत यंत्र ठेवू नये, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरत ज्योतीपर्यंत पोहोचू शकते.

इंजिन कोमट असतानाच ऑइल बदलून घ्यावे. जुन्या ऑइलमधील ओलावा आणि आम्ल उन्हाळाभर आतल्या भागांवर बसून राहणे बरे नव्हे. बहुतेक यंत्रांना ५डब्ल्यू-३० दर्जाचे ऑइल चालते, तरी पुस्तिका पाहावी. मग स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, छिद्रावर फडके धरून स्टार्टरची दोरी एक-दोनदा सावकाश ओढावी, प्लग परत बसवावा आणि दोरीला जोर लागेल त्या ठिकाणी थांबावे. तेथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. एअर फिल्टर शोधत बसू नये, बर्फाने तुंबेल म्हणून बऱ्याच स्नोब्लोअरना तो नसतोच.

यानंतरचे काम बहुतेक जण टाळतात आणि तेच दोन टप्प्यांच्या यंत्राला (ज्यात ऑगर बर्फ आत ओढतो आणि वेगळा पंखा तो बाहेर फेकतो) सर्वांत महागात पडते. किल्ली काढून आणि प्लगची वायर सोडवून ऑगरच्या, म्हणजे पुढच्या फिरत्या मळसूत्री पात्यांच्या, शिअर पिना (काही अडकले की गिअरबॉक्स वाचवण्यासाठी मुद्दाम तुटणाऱ्या पिना) काढाव्यात, ग्रीसच्या निपलमधून ग्रीस भरावे आणि ऑगरचे प्रत्येक पाते हाताने दांड्याभोवती फिरवून पाहावे. ते सुटे फिरलेच पाहिजे. गंजाने ऑगर दांड्याला धरून बसला, तर दगड किंवा गोठलेले वर्तमानपत्र अडकल्यावर पिन तुटली तरी ऑगर मोकळा होत नाही आणि सारा झटका गिअरबॉक्सवर जातो. याच कारणाने पिनेच्या जागी साधा कडक बोल्ट कधीही घालू नये. तळाचे झाकण उघडलेच, तर चाकांना गती देणाऱ्या रबरी चकतीला ग्रीस लागू देऊ नये, नाहीतर ती घसरते.

रस्ता साफ करणाऱ्या नांगरगाडीने ड्राइव्हवेच्या (घरापुढच्या गाडीवाटेच्या) तोंडाशी लोटलेल्या बर्फात रस्त्यावरचे मीठ असते, त्यामुळे यंत्र धुऊन पूर्ण वाळवावे आणि उघड्या पडलेल्या लोखंडावर रंगाचा हात द्यावा. आच्छादन कापडाचे असावे. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. यंत्र आडवे ठेवू नये. इंजिनाच्या झाकणाखाली उंदीर घरटे करतात, म्हणून जवळपास पक्ष्यांचे दाणे किंवा गवताचे बी साठवू नये. शिअर पिनांची जादा जोडी उन्हाळ्यातच आणून हँडलला बांधून ठेवावी, कारण पहिल्या वादळानंतर त्या दुकानात मिळतीलच असे नाही.