क्लाउड कॉल सेंटर लावताय? सोलापूरच्या व्यापाऱ्यांनो, या चुका टाळा

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं यावर महिना घालवायचा आणि फोन कोण, कोणत्या भाषेत उचलणार हे शेवटी ठरवायचं, म्हणजे आधी कळस मग पाया. क्लाउडवरचं, म्हणजे इंटरनेटवरून चालणारं, कॉल सेंटर झटपट चालू होतं खरं, पण बिघडतं ते बहुतेक वेळा आपल्याच बाजूला.

बँकेचा फोन-मेनू जसाच्या तसा उचलणं

भाषा निवडायला सांगितली, इथवर ठीक. मग विक्रीसाठी एक, डिस्पॅचसाठी दोन, हिशेबासाठी तीन... टॉवेलच्या गाठी कुठे अडकल्या एवढंच विचारणारा कलबुर्गीचा व्यापारी वैतागून फोन ठेवतो आणि थेट मालकाच्या मोबाइलवर येतो. सोलापुरात मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू, हिंदी रोजचीच. पूर्व भागात घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारी पोरं-पोरी कितीतरी आहेत. फोनवर बसायला त्यांना आधी विचारा. ग्राहकाला भाषा एकदाच विचारून नंबरासोबत साठवून ठेवा, पुढच्या वेळी कॉल आपोआप त्याच भाषेच्या एजंटकडे जाऊ द्या. बाकीचं एजंट विचारून घेईल.

एक मात्र तपासा. जुन्या लँडलाइनवरून कॉल फॉरवर्ड केले असतील, तर कधीकधी ग्राहकाऐवजी दुकानाचाच नंबर स्क्रीनवर येतो. मग सिस्टिमच्या लेखी सगळे ग्राहक एकच!

आवाज तुटला की इंटरनेटचा प्लॅन वाढवणं

एका कॉलला जाता-येता साधारण 100 केबीपीएस पुरतात. दहा एजंट एकदम बोलले तरी 1 एमबीपीएस. त्यामुळे 100 एमबीपीएसचा प्लॅन 200 केला तरी फरक पडत नाही. शब्द मधेच गिळले जात असतील तर एजंटला वायफायवरून काढून केबलवर आणा. ठरावीक वेळीच होत असेल तर त्या वेळी अपलोड कोण खातंय ते शोधा: सीसीटीव्हीचा बॅकअप असेल, नाहीतर डिझाइनच्या जड फाइली. मग राउटरमध्ये कॉलला प्राधान्य लावा.

आपल्याला ऐकू येतं पण समोरच्याला नाही, असं असेल तर ती स्पीडची भानगडच नव्हे. टेबलावर आयपी फोन (इंटरनेटवर चालणारा फोन) असेल तर राउटरमधलं एसआयपी एएलजी, म्हणजे इंटरनेट कॉलमध्ये ढवळाढवळ करणारी सेटिंग, बंद करून बघा. ब्राउझरवरून बोलत असाल तर फायरवॉलनं यूडीपी, म्हणजे आवाज ज्यावरून जातो तो इंटरनेटचा मार्ग, अडवलाय का ते पाहा.

आणि वीज. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, फायबरचा डबा मात्र भिंतीतल्या साध्या प्लगला! लाइट गेली की स्क्रीन चालू, कॉल गुल.

कोणीच नसेल तेव्हा काय, हे न ठरवणं

संक्रांतीला, गड्डा यात्रेच्या दिवसांत, निम्मा स्टाफ रजेवर असतो. सुट्ट्यांचं वेळापत्रक सिस्टिममध्ये आधीच भरा आणि सुटलेल्या कॉलची यादी रोज कोणाच्या हातात जाणार, त्याचं नाव ठरवा. ‘सगळे बघतील’ म्हणजे कोणीच बघत नाही.

जाहिरातीचे कॉल त्याच लाइनवरून करणं

त्यासाठी 140 नं सुरू होणारा नंबर आणि डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) नोंदणी लागते. नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरांची सगळी कनेक्शनं तोडा आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका, असा आदेश ट्रायनं (दूरसंचार नियामकानं) ऑगस्ट 2024 मध्ये टेलिकॉम कंपन्यांना दिलाय. म्हणजे सेलच्या चार कॉलपायी चादरीच्या खोक्यावर छापलेला नंबरही जायचा.