लूपर घेताना या चुका टाळा: तुमचं मशीन कुणाचं ऐकतं?

खानापूर तालुक्यातल्या एका गावात, गणपतीच्या मंडपात आम्ही पहिल्यांदा लूपर, म्हणजे वाजवलेली ओळ पकडून तीच पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र, घेऊन बसलो, तेव्हा साथीला हलगी वाजवणारे एक मामा होते. साठी उलटलेली, पण हाताला अजून धार. मी ड्रम मशीन चालू केलं, सिंथवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर, चार सुरांची एक ओळ वाजवली, पायानं लूपरचं बटण दाबलं आणि ओळ फिरायला लागली. पहिलं मिनिट झकास गेलं. दुसऱ्या मिनिटाला मामांच्या कपाळावर आठी आली. तिसऱ्याला त्यांनी हलगी मांडीवर उपडी ठेवली. खाली उतरल्यावर म्हणाले, "तुझं मशीन माझं ऐकतच नाही की रे. तुझं तरी ऐकतंय काय?"

माझंही ऐकत नव्हतं आणि शेजारच्या ड्रम मशीनचंही नाही. लूपर बिघडलेला नव्हता. तो घेताना मी भलत्याच गोष्टी बघितल्या होत्या. त्यानंतर बेळगाव, निपाणी, कधी चोर्ला घाट उतरून गोवा, असे बरेच कार्यक्रम झाले आणि आता आमच्याकडची पोरं "कुठला लूपर घेऊ?" म्हणून विचारायला येतात. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय.

मिनिटं मोजू नका

जाहिरातीत पहिला आकडा मिनिटांचा असतो. बॉस कंपनीच्या छोट्या आरसी-५ लूपरमध्ये लूप साठवायच्या सगळ्या जागा मिळून १३ तासांचं रेकॉर्डिंग मावतं. तेरा तास! आमच्याकडे रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो, तेरा तास वाजवायचे कुठे?

हिशोब सोपा आहे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत सोळा मात्रांचं एक आवर्तन ८ सेकंदांत संपतं. दोन आवर्तनांची ओळ घेतलीत तर १६ सेकंद. टीसी इलेक्ट्रॉनिक कंपनीच्या साध्या डिट्टो लूपरमध्ये ५ मिनिटं मिळतात आणि नाचवणाऱ्या संगीताला तीही भरपूर होतात. कमी पडतात त्या स्वतंत्र वाटा, म्हणजे ट्रॅक. एकाच ट्रॅकवर बास, वर पॅड (लांब धरलेले सूर), वर आवाज असे थर चढवले की त्यातला फक्त बास काढून घेता येत नाही. अनडू केलं तर शेवटचा थर जातो, मधला नाही. इलेक्ट्रॉनिक संगीताची निम्मी गंमत तर काय काढलं आणि कधी परत आणलं यात असते. म्हणून किमान दोन ट्रॅक हवेत आणि प्रत्येकाला आपापला आवाज कमी-जास्त करायची सोय हवी. आरसी-५०० मध्ये दोन ट्रॅक आहेत, टेबलावर ठेवायच्या आरसी-५०५ मध्ये पाच, जमिनीवरच्या आरसी-६०० मध्ये सहा. पाच-सहा ट्रॅक दोन हातांना सांभाळता येतात का, हा प्रश्न स्वतःला विचारा. मी तीनच्या पुढे क्वचित जातो.

मात्रा कोण मोजतंय?

मामांनी हलगी ठेवली ती यामुळे. मन लावून वाचा, पैसे इथंच बुडतात.

बॉसचा पहिला लूप स्टेशन आरसी-२० हा २००१ साली आला, तो मुख्यतः गिटारवाल्यांसाठी. गिटारवाला एकटा बसतो, पायानं लूप पकडतो, मग त्या लूपच्या अंगानं वाजवत राहतो. त्याच्या खोलीत दुसरं घड्याळ नसतंच, त्यामुळे लूप दोन केस लांब झाला तरी बिघडत काही नाही. तुमच्याकडे मात्र ड्रम मशीन आहे आणि ते आपल्या लयीचं पक्कं आहे. समजा सोळा मात्रांची ओळ घेताना तुमचा पाय ३० मिलिसेकंद उशिरा पडला. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. लूप झाला ८.०३ सेकंदांचा. प्रत्येक फेरीत तो ३० मिलिसेकंद मागे पडणार. दहा फेऱ्यांनी ३०० मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या मात्रेहून जास्त. दीड मिनिटाच्या आत गाडी रुळावरून घसरते, आणि मंडपातल्या लोकांना नेमकं काय चुकतंय ते सांगता आलं नाही तरी पाय थांबतात.

यावर सरावाचा उपाय चालत नाही, कारण इतका नेमका पाय कुणाचाच पडत नाही. लूपरनं ड्रम मशीनचं घड्याळ ऐकलं पाहिजे, म्हणजे त्याला मिडी क्लॉक घेता आला पाहिजे. मिडी ही वाजवायच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायची भाषा. मिडी क्लॉक म्हणजे एका मात्रेला २४ टिचक्या. १२० च्या लयीत सेकंदाला ४८. त्या ऐकणारा लूपर तुमचा उशिरा पडलेला पायही ठोक्यावर आणून बसवू शकतो. साधा डिट्टो किंवा आरसी-१ यांना मिडीच नाही. एकट्याच्या रियाजाला चांगले, ड्रम मशीनशेजारी निरुपयोगी. माझा पहिला लूपर असाच होता.

पण "मिडी आहे" एवढ्यावरही भुलू नका. मॅन्युअल उघडून बघा की क्लॉक बाहेर पाठवतो, आत घेतो, की दोन्ही करतो. रेकॉर्ड झाल्यावर ड्रम मशीनची लय वाढवली तर लूप ताणून-आवळून मागे येतो का, की जुन्याच लयीत राहतो, हेही बघा. आणि ड्रम मशीनचा स्टॉप दाबला की लूपरही थांबतो का? काही ठिकाणी हे बंद करता येतं, काही ठिकाणी नाही. ड्रम थांबवून नुसता पॅड तरंगत ठेवायची जागा हवी असेल तर हा मुद्दा मोठा आहे.

घड्याळाचा मालक एकच ठेवा. भजनात लय टाळकऱ्यांच्या हातात असते, पखवाजवाला कितीही मोठा असो. इथं टाळ ड्रम मशीनकडे द्या. दोन्ही यंत्रांना मालक केलंत की दोघंही आपलंच खरं करतात, आणि दोन्हींना चाकर केलंत तर दोघंही वाट बघत गप्प.

सगळं बरोबर लावूनही लूपर हलत नसेल तर वायर बघा. नव्या छोट्या यंत्रांत जाड पाच पिनांच्या मिडीऐवजी हेडफोनसारखी बारीक पिन असते आणि तिची जोडणी दोन तऱ्हेची, ए आणि बी. २०१८ मध्ये ए हे प्रमाण ठरलं, पण त्याआधीची आर्टुरिया आणि नोव्हेशन या कंपन्यांची काही यंत्रं बी वाली आहेत. वायर बसते, दिवा लागतो, क्लॉक मात्र पोचत नाही. एक अख्खी संध्याकाळ मी यात घालवली, शेवटी लूपरला शिव्या देऊन झोपलो.

पाय समेवर

माझ्याकडे येणारे बहुतेक जण इथं चुकतात, आणि संगीत शिकलेलेही चुकतात. सोळा मात्रा मोजतात आणि सोळाव्या मात्रेवर बटण दाबतात. मग लूप पंधरा मात्रांचा होतो. सोळावी मात्रा पूर्ण जगली पाहिजे, पाय पुढच्या समेवर पडला पाहिजे. पेटीवर लेहरा धरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. लेहरा हा लूपच आहे, तबलजीच्या सोलोखाली तीच ओळ तासभर फिरते, आणि धरणाऱ्याचं सगळं लक्ष समेकडे. टिळकवाडीत पेटी शिकलेली एक मुलगी आमच्यात आली, तिला लूपर पाच मिनिटांत जमला. मला दोन महिने लागले होते.

त्यातच एक यंत्राची गोष्ट. रेकॉर्डनंतर दुसऱ्यांदा दाबल्यावर काही लूपर थेट ओव्हरडबला, म्हणजे वर नवा थर चढवायला, जातात, काही नुसते वाजायला लागतात. ओव्हरडबला जाणारा असेल आणि तुम्हाला कल्पना नसेल, तर पुढच्या फेरीत तुमचा खोकलासुद्धा लूपमध्ये. हा क्रम बदलता येतो का ते घेण्याआधी विचारा.

सगळंच लूपरमधून नेऊ नका

"लूपर मिक्सरच्या शेवटी लावला, सगळं पकडतो" असं मोठ्या समाधानानं सांगणारे भेटतात. पकडतो खरा, ड्रमसकट. मग लूपमधला ड्रम आणि चालू असलेला ड्रम, दोन्ही एकावर एक. केसभर इकडे-तिकडे झाले की प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो.

ड्रम मशीन सरळ मिक्सरला द्या. लूपरला मिक्सरच्या ऑक्स सेंडमधून (प्रत्येक चॅनलचा हवा तेवढाच आवाज बाहेर काढायची वेगळी वाट) माल द्या आणि लूपरचा आवाज परत वेगळ्या चॅनलवर घ्या. आता सिंथ, माइक, हलगी, ज्याचा ऑक्स उघडाल तेवढंच लूपमध्ये जातं. फक्त लूपर परत येतो त्या चॅनलचा ऑक्स शून्यावर ठेवा, नाहीतर तो स्वतःलाच ऐकू लागतो आणि जी किंकाळी फुटते ती गल्लीच्या टोकापर्यंत जाते. त्या नॉबवर मी लाल इन्सुलेशन टेप चिकटवलीय.

या जोडणीत लूपरनं तुमचा सरळ आवाज पुढे पाठवता कामा नये, फक्त लूप पाठवावा. नाहीतर तोच आवाज दोन वाटांनी, दोन-चार मिलिसेकंदांच्या फरकानं येतो आणि डब्यात बोलल्यासारखा पोकळ होतो. सरळ आवाज बंद करायची सोय बहुतेक छोट्या गिटार लूपरांत नसते. दुकानात कुणी आपणहून सांगत नाही, तेव्हा हे नक्की विचारा.

आवाजाच्या पातळीचंही तसंच. सिंथचा लाइन आवाज गिटारपेक्षा बराच तगडा, गिटारच्या लूपरमध्ये तो फाटतो. शिवाय थर चढवत गेलं की पातळी चढते: तोच आवाज तसाच दुसऱ्यांदा चढवला तर ६ डेसिबल वाढ. पहिला थर मुद्दाम हळू घ्या, आणि बास एकाच थरात ठेवा.

अनवाणी पाय आणि अर्थिंग

यूट्यूबवरच्या डेमोत सगळे बूट घालून लूपर दाबतात. आमच्याकडे मंडपाच्या स्टेजवर चप्पल काढून चढायचं, समोर मूर्ती असते. लोखंडी बटणावर अनवाणी टाच आपटून बघा एकदा. त्यात एकाच बटणाचा लूपर असेल तर थांबवायला दोनदा पटापट दाबावं लागतं, आणि पहिल्या दाबाला तो क्षणभर ओव्हरडबमध्ये जातो. थांबण्याआधी एक "टक" ऐकू येते ती त्याचीच. थांबायला वेगळं बटण असलेला घ्या, किंवा लूपरला बाहेरून फूटस्विच लागतो का बघा. सिंथवाल्याला खरं तर टेबलावरचा, हातानं चालवायचा लूपरच सोयीचा. दोन्ही हात कीबोर्डवर सतत अडकलेले असतील तरच पायाकडे वळा.

अनवाणी पायाचा दुसरा मुद्दा जास्त गंभीर. एका गावात माइकला ओठ लागला आणि मुंग्या आल्या. वायरमनला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "अर्थिंग इल्ल री." अर्थिंगच नाही! त्याला वाजवायच्या आधी हे विचारायला हवं होतं. घूं घूं आवाज घालवायला प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे बहाद्दर आहेत, तसलं काही करू नका. पायाखाली रबरी चटई घ्या, अर्थिंग तपासून घ्या, आणि आवाज घालवायला डीआय बॉक्सवरचा (वाद्य मिक्सरला जोडायच्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्ट वापरा.

जनरेटरवर लाइट गेली-आली की सेव्ह न केलेला लूप उडू शकतो. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस सोबत ठेवला की तो प्रश्न मिटतो. अडॅप्टर मात्र लूपरचाच वापरा. बहुतेक पेडल ९ व्होल्टचे आणि पिनेच्या मधे निगेटिव्ह. मी एकदा ऐनवेळी बाजारातून साधा ९ व्होल्टचा घेतला, मधे पॉझिटिव्ह निघाला. पेडल गेलं. एकाच अडॅप्टरवरून माळ लावून चार पेडल चालवली तर किरकिर ऐकू येते, ती बहुतेक वेळा डिजिटल लूपरची असते.

स्टिरिओसाठी जास्त पैसे द्यावेत का? मंडपातला साउंडवाला दोन्ही बाजूंच्या खांबांना एकच आवाज देतो. तेव्हा मोनोवर भागतं. फक्त सिंथचा कोरस (आवाज जाड करणारा इफेक्ट) स्टिरिओत भरदार आणि मोनोत पातळ वाटतो, म्हणून आवाज बनवताना घरीही मोनोतच ऐका.

आणि लूपर लागतोच का, तेही बघा. अकाई कंपनीच्या नव्या एमपीसी या सॅम्पलर यंत्रात लूपर आतच असतो, इलेक्ट्रॉन कंपनीच्या ऑक्टाट्रॅकमध्येही, अर्थात तो शिकायला धीर लागतो. असलं काही घरात असेल तर आधी त्याचं मॅन्युअल वाचा.

जुना लूपर घेत असाल तर स्वतःचं ड्रम मशीन आणि वायरी घेऊन विकणाऱ्याच्या घरी जा. क्लॉक जोडा, १२० ला लावा, सोळा टाळ्यांची ओळ पकडा, पाय मुद्दाम थोडा उशिरा टाका. दोन्ही चालू ठेवून खाली चहाला जा. परत आल्यावर टाळ्या ठोक्यावर असतील तर पैसे मोजा. मी असाच घेतला, आणि मामांना बोलावून ऐकवला. त्यांनी हलगी शेकायला घेतली.