कपबशी आणि पऱ्हाटीचं फूल: जवळून फोटो काढताना या चुका टाळा

लहान वस्तूचा फोटो बिघडला की लोक मोबाइलला नावं ठेवतात. बहुतेक वेळा गडबड अंतराची असते. चहाचा कप असो की पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) फुलावरचा मुंगळा, आपण गरजेपेक्षा जास्त जवळ जातो.

बऱ्याच मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याला चार बोटांवरची वस्तू स्पष्ट दिसतच नाही. कितीही टॅप केलं तरी फूल धूसर आणि मागचं ढेकूळ मात्र ठसठशीत येतं. फोकस पकडेपर्यंत मागे सरका, २एक्स झूम घ्या, उरलेलं नंतर कापा. स्वस्त मोबाइलमधल्या २ मेगापिक्सेलच्या ‘मॅक्रो’ (अगदी जवळून फोटो काढायच्या) लेन्सपेक्षा असा कापलेला फोटो अनेकदा सरस ठरतो. शिवाय तुमची सावली फुलावर पडत नाही आणि चतुर उडून जात नाही.

मोठा कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल तर अडचण वेगळी. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ आकारात, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या मापाची उमटते तेव्हा, एफ/८ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान), स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी जेमतेम १ मिलिमीटर असते. ती वाढवायला काही जण थेट एफ/२२ वर जातात. पण इतक्या जवळून प्रत्यक्षात ते छिद्र एफ/४४ इतकं लहान ठरतं, प्रकाशाच्या विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळाच फोटो मऊ पडतो. एफ/८ ते एफ/११ पुरे. त्याऐवजी कॅमेरा वस्तूला समांतर धरा. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर बाजूने, पंखाच्या पातळीत. किडा असेल तर डोळा स्पष्ट हवा. पाय धूसर राहिले तरी चालतात.

वारा हा दुसरा शत्रू. सकाळी दहाला वावरात पोचून फूल हलतं म्हणून कुरकुरण्यात अर्थ नाही, उजाडताच जा. तेव्हा दहिवर असतं आणि थंडीने किडेही सुस्त असतात. जवसाच्या निळ्या फुलासाठी तर दुसरा इलाजच नाही, त्याच्या पाकळ्या दुपारपर्यंत गळतात. कपाशीचं फूलही पहिल्या दिवशी फिकट पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, म्हणून ‘उद्या काढू’ म्हटलं की तो रंग गेला. देठाशेजारी तुऱ्हाटीची काडी रोवून कपड्याच्या चिमट्याने देठ हलकेच धरून ठेवा. शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. फूल तोडू नका, किडा फ्रिजमध्ये घालून गार करू नका.

एक गोष्ट फोटोहून मोठी आहे. फवारणी झालेल्या वावरात पऱ्हाटीत लोळून फोटो काढायचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. आधी वावरवाल्या काकांना विचारा, मगच आत शिरा.

आता कपबशी. पांढरा कप फोटोत राखाडी दिसतो, कारण कॅमेरा पांढऱ्यालाही मध्यम उजेडाचं समजतो. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) ०.७ ते १ ने वाढवा. निळ्या ताडपत्रीखाली कप निळसर येणारच. छपरीत, मोकळ्या सावलीत बसा आणि आतला बल्ब बंद करा.

स्टीलचा गिलास सगळ्यात अवघड, कारण त्यात समोरचं सगळं दिसतं: तुमचा मोबाइल, शर्ट, अंगणातली बंडी. स्टीलचा फोटो म्हणजे खरं तर त्यात पडलेल्या प्रतिबिंबाचा फोटो. म्हणून उजेडाच्या बाजूला पांढरं धोतर ताणून बांधा, दुसऱ्या बाजूला काळा कागद उभा करा. गिलासाची कड लगेच उठून दिसते. इथेही मागे सरकून झूम घेतला की प्रतिबिंबात तुम्ही लहान होता.

वाफ हवी असेल तर उजेड मागून तिरपा आणि पार्श्वभूमी गडद हवी. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात वाफ जवळपास दिसतच नाही, त्यासाठी हिवाळ्याची सकाळ पाहा. जागा, कोन, फोकस हे सगळं रिकाम्या कपावर ठरवून घ्या आणि चहा शेवटी ओता. साय धरायला फार वेळ लागत नाही.