सफरचंदाचे पदार्थ करताना या चुका टाळा

आश्विन लागला की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या बाजारांत सफरचंदांचे ढीग दिसू लागतात. आधी हिमाचलचा माल येतो आणि नवरात्र सरेपर्यंत काश्मीरचाही भरपूर उतरतो. उपासाची खीर, कोजागरीचे दूध, दिवाळीतील हलवा आणि जेवणातील सासव (मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातले गूळ घातलेले तोंडीलावणे), अशा अनेक पदार्थांत हे फळ वापरले जाते, आणि दरवर्षी त्याच त्या चुका पाहून मन खट्टू होते. आपला हात आंबा, केळे आणि फणस यांना सरावलेला असतो आणि त्याच सवयीने आपण सफरचंदही शिजवायला जातो. सफरचंदात मात्र सुमारे ८५ टक्के पाणी असते, आणि चवीला गोड लागणाऱ्या फळातही मॅलिक आम्ल असतेच.

सर्वांत मोठी चूक दुधाच्या पदार्थांत होते. आमच्या वाडीत कोजागरीचे दूध सामायिक असते. एका वर्षी मोठ्या टोपातले दूध मंद आचेवर निम्म्याच्या जवळ आटत आले होते, वेलची-जायफळ पडले होते, आणि तेवढ्यात मदतीला आलेल्या एका उत्साही मुलीने सफरचंदाचा ताजा कीस थेट त्या उकळत्या दुधात सोडला. बघता बघता कडेने हिरवट पाणी सुटले आणि मध्ये चोथा गोळा झाला. जाणत्या बायकांनी लगेच आच बंद केली, परंतु एकदा फाटलेले दूध पुन्हा मिळून येत नाही. शेवटी त्यात आणखी साखर घालून ते कलाकंदासारखे आटवावे लागले आणि चंद्राच्या नैवेद्यासाठी शेजारच्या घरातून साधे दूध आणावे लागले. त्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण दूध आणि फळ यांच्या तापमानाविषयी तिला कोणी काही सांगितलेलेच नव्हते.

यावर अनेकजणी सांगतात की कीस तुपात परतून घेतला म्हणजे आंबटपणा जातो. हा समज अर्धवट आहे. परतल्याने पाणी आटते आणि कच्चा वास जातो, पण आम्ल उडून जात नाही. दूध जितके गरम, तितके ते थोड्या आम्लानेही लवकर फाटते, म्हणून सांभाळायची ती ऊब. मी गोड जातीचे फळ किसते, तुपावर पाणी पूर्ण आटेपर्यंत परतते, त्यातच साखर घालून सुकवते आणि ताटलीत पसरून पार गार होऊ देते. दूध वेगळे आटवून कोमट झाले की मगच दोन्ही एकत्र करते आणि त्यानंतर ते पातेले पुन्हा आचेवर ठेवत नाही. खीर गरमच हवी असा आग्रह असेल, तर त्या दिवशी दुसरी खीर करावी. चिमूटभर खाण्याचा सोडा घालून दूध वाचवण्याची युक्ती मला मान्य नाही, कारण दूध वाचले तरी सोड्याची चव तोंडात राहते.

दुसरी चूक बाजारातच होते. १९१६ च्या सुमारास तिकडे स्थायिक झालेले अमेरिकन सॅम्युअल स्टोक्स यांनी हिमाचलातील कोटगढ परिसरात अमेरिकेतील डिलिशियस जातीची लागवड केली, आणि आज आपल्याकडे येणारी बहुतेक लाल सफरचंदे त्याच कुळातील असतात. ती कापून खाण्यासाठी उत्तम आहेत, पण शिजवल्यावर त्यांचा आकार टिकत नाही. हलव्याला आणि शिऱ्याला ती चालतात, परंतु सासवात त्यांचा लगदा होतो. सासवासाठी हिरवे, आंबट ग्रॅनी स्मिथ किंवा निदान कडक गोल्डन घ्यावे. शिवाय आपल्याकडील ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात टोपलीत ठेवलेले फळ लवकर पिठूळ होते, म्हणून आणल्याबरोबर ते शीतकपाटात ठेवावे आणि बोटाने दाबून मऊ लागल्यास त्याचे सासव करू नये.

गणपतीच्या दिवसांत पिकल्या अंबाड्याचे सासव करणाऱ्या हाताला सफरचंदाचे सासव अवघड नाही, फक्त घाई सोडली पाहिजे. अंबाडे चांगले शिजवून घ्यावे लागतात. सफरचंदाच्या जाड फोडी मात्र गूळ आणि मीठ घातलेल्या थोड्या पाण्यात जेमतेम एक वाफ येईपर्यंतच ठेवाव्या. ओले खोबरे आणि सुकी मिरची आधी बारीक वाटावी, मोहरी शेवटी घालून थोडीच फिरवावी, कारण ती फार वाटली तर कडू होते. वाटण आच बंद केल्यावरच मिसळावे, नाहीतर मोहरीचा झणका निघून जातो आणि मागे नुसता गूळ-खोबऱ्याचा रस उरतो. फळ आधीच आंबट असेल तर त्यात वरून कोकम घालू नये.

शिऱ्यात केळ्याच्या अंदाजाने पाणी घातले तर गिच्च गोळा होतो. वाटीभर रव्याला वाटीभर कीस असेल, तर मी नेहमीच्या पाण्यातले अर्धी वाटी पाणी कमी करते.

फोडी चिरून ठेवल्या की त्या तपकिरी पडतात. हलक्या मिठाच्या पाण्यात बुडवून निथळून घेतल्यास तेवढे होत नाही. लिंबाचे पाणी सासवाला चालेल, खिरीला नाही.

लोखंडी कढईत सफरचंद शिजवू नये, त्याचा रंग काळवंडतो आणि चवही बिघडते.

मिक्सरमधून गर काढताना गाभा आणि बिया आधी काढाव्यात. बिया वाटल्या गेल्या तर कडवटपणा उतरतो, आणि त्यांतले द्रव्य पोटात जाणेही बरे नव्हे.

दालचिनीची पूड चमच्याने ओतण्याची नवी सवय मला आवडत नाही. फळाचा स्वतःचा सुवास नाजूक असतो, त्याला दोन वेलच्या आणि जायफळाचा एक घासा पुरतो. साल काढण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी निदान फळ कोमट पाण्यात धुऊन कापडाने चोळून पुसावे, कारण चकाकीसाठी त्यावर बऱ्याचदा मेण लावलेले असते. हलव्याला मात्र साल काढावीच, कारण फळ कितीही परतले तरी ती दाताखाली येते.