आपल्या भागाला सिटी बसची फेरी हवी असेल तर निवेदन कसं करावं

बेळगावच्या सिटी बसबद्दल छापून येतं ते बहुतेक मोठ्या आकड्यांचं असतं. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत बेळगावचं नाव आलं. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा मंजूर केली: 10,000 बस, 57,613 कोटींचा खर्च, त्यातले 20,000 कोटी केंद्राचे. 2011 च्या जनगणनेत 3 लाख किंवा जास्त लोकसंख्या असलेली शहरं या योजनेच्या निकषात बसतात. बेळगाव महापालिकेची तेव्हाची लोकसंख्या 4 लाख 88 हजार होती. पण सकाळी 8.10 ला अनगोळच्या शेवटच्या थांब्यावरून गाडी सुटेल, असं या कुठल्याच कागदात नसतं. ते वाहतूक शाखेच्या टेबलावर ठरतं, आणि तिथे कामाला येतं ते नीट मोजून लिहिलेलं निवेदन.

कुणाला लिहायचं

सिटी बस महापालिकेची नाही. ती वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाची, मुख्यालय हुबळीला. शहर, तालुका आणि खानापूरकडचा भाग बेळगाव विभागात येतो. निपाणी, संकेश्वर, रायबागचा भाग चिकोडी विभागात. निवेदन विभागीय नियंत्रकांच्या नावे लिहा, प्रत विभागीय वाहतूक अधिकारी आणि ज्या डेपोची गाडी येते त्या डेपो मॅनेजरना द्या. विभागीय नियंत्रकांनाही ‘डीसी’ म्हणतात आणि जिल्हाधिकाऱ्यांनाही ‘डीसी’च. ‘डीसी साहेबांना निवेदन दिलं’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांचा कागद जिल्हाधिकारी कार्यालयातून फिरत फिरत महिन्याने बस विभागात पोचतो. पाकिटावर पूर्ण हुद्दा लिहा.

थांब्याची शेड हा वेगळा विषय, त्याला वेगळं पत्र. शहरात महापालिका, कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, कंग्राळी-हिंडलग्यासारख्या गावांत ग्रामपंचायत. फेरी आणि शेड एकाच पत्रात मागितली की दोन्ही कार्यालयं ‘हे आमच्या कक्षेत नाही’ म्हणून मोकळी होतात. गावातून मागणी असेल तर पंचायतीचा ठराव पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) सहीशिक्क्यासह जोडा. शंभर सह्यांपेक्षा त्या एका ठरावाचं वजन जास्त असतं.

आधी मोजा

‘बस अपुऱ्या आहेत, विद्यार्थ्यांचे हाल होतात’ हे वाक्य वाहतूक शाखेने हजार वेळा वाचलेलं असतं. त्यांना आकडे लागतात. सलग तीन कामाचे दिवस निवडा. मंगळवार, बुधवार, गुरुवार उत्तम. परीक्षांचा काळ आणि यल्लम्माच्या जत्रेची पौर्णिमा टाळा. जत्रेला जादा गाड्या सौंदत्तीकडे लागतात, त्यामुळे त्या दिवसांचा हिशेब खोटा ठरतो. सकाळी 7.30 ते 10.30 आणि संध्याकाळी 4.30 ते 7.30 थांब्यावर दोघांनी उभं राहायचं. एकाने गाड्या लिहायच्या, दुसऱ्याने माणसं.

वहीत प्रत्येक गाडीसाठी एक ओळ: वेळापत्रकातली वेळ, प्रत्यक्ष वेळ, फलकावरचा मार्ग, किती उतरले, किती चढले, किती राहिले. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्याच शेजारी दर 15 मिनिटांना कंटाळून रिक्षा किंवा वडापने (खाजगी शेअर गाडीने) गेलेल्यांचा आकडा लिहा. ते महामंडळाचे हातचे गेलेले प्रवासी, आणि हा मुद्दा कार्यालयात लगेच कळतो.

तुलनेसाठी केंद्रीय नगरविकास मंत्रालयाचे सेवा-मापदंड वापरा. त्यात चार पायऱ्या आहेत. थांब्यावरची सरासरी प्रतीक्षा 4 मिनिटांपर्यंत असेल तर पहिली पायरी, 10 मिनिटांवर गेली की चौथी, म्हणजे सगळ्यात वाईट. आसनांच्या दीडपट प्रवासी चालतात, अडीचपटीच्या वर गेले की तीही चौथी पायरी. दर हजार लोकांमागे 0.6 बस ही पहिली पायरी, 4.88 लाखांना तो हिशेब सुमारे 293 बसचा होतो. हा शहराचा आकडा आमदार-नगरसेवकांना सांगायला ठीक आहे. तुमच्या निवेदनात मात्र तुमच्या थांब्याची प्रतीक्षा आणि गर्दी एवढंच घाला.

मागणी किती बसची पडते ते काढा

निवेदनं इथेच सगळ्यात जास्त फसतात. समजा सीबीटीपासून, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकापासून, तुमचा भाग 9 किलोमीटरवर आहे. शहरात गाडी सरासरी ताशी 15 किलोमीटरने चालली तर एका बाजूला 36 मिनिटं. टोकाला 9 मिनिटं थांबा धरला तर 45, आणि जाऊन-येऊन 90 मिनिटं. आता ‘दर 15 मिनिटांनी बस द्या’ म्हटलं की 90 भागिले 15, म्हणजे 6 गाड्या आणि त्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर दिवसभर अडकतात. असा अर्ज वाचायच्या आधीच बाजूला पडतो. ‘दर 30 मिनिटांनी’ला 3 गाड्या. आणि ‘सकाळी 7.40 ची एक व संध्याकाळी 5.30 ची एक जादा फेरी’ ही मागणी दुसऱ्या मार्गावरची मोकळी गाडी वळवूनही भागते. सुरुवात तिथून करा.

ताशी 15 हा ठोकताळा झाला. स्वतः चार वेळा बसून खरा वेळ काढा. मार्ग टिळकवाडीच्या रेल्वे गेटवरून जात असेल तर गेट पडल्यावर गाडी किती मिनिटं उभी राहते ते वेगळं लिहा. एका फेरीला गेटवर 8-10 मिनिटं गेली की दिवसाअखेरीची एक फेरी रद्द होते, आणि ती नेमकी टोकाच्या वस्तीची असते. गेट टाळून जाणारा मार्ग सुचवता आला तर नकाशा काढूनच द्या.

महामंडळ प्रत्येक मार्ग दोन आकड्यांवर तोलतं: दर किलोमीटरमागची कमाई आणि दर किलोमीटरमागचा खर्च. कमाई मोजते कंडक्टरची तिकीट मशीन. इथे महिलांच्या शून्य तिकिटाचा संबंध येतो. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे, आणि त्या प्रवासाचे पैसे सरकार महामंडळाला या शून्य तिकिटांच्या नोंदीवरून देतं. गर्दीत ‘असू दे, कशाला कागद’ म्हणून तिकीट न घेता उतरलं की तो प्रवास झालाच नाही असं मशीनला वाटतं आणि मार्ग तोट्यात दिसतो. तेव्हा महिला मंडळात आणि बचतगटात हे आवर्जून सांगा: कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवायचं आणि शून्य तिकीट मागून घ्यायचं.

गाडी वळायची जागा

टोकाचा थांबा पुढे न्यायचा असेल तर 12 मीटर लांबीची बस वळायला साधारण 25 मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. टेप लावून मोजा, फोटो जोडा. रस्त्यावर वाकलेल्या फांद्या, हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लोंबत्या तारा, गटारावरचे खचलेले दगड यांची यादी द्या. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने ‘गाडी वळत नाही’ असा एकदा शेरा मारला की तो पुसायला वर्ष जातं.

बाचीच्या पुढे शिनोळीपर्यंत, म्हणजे राज्याची हद्द ओलांडून बस मागाल तर तो विषय विभागाच्या हातात राहत नाही. त्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 88 खाली दोन राज्यांचा करार लागतो. हद्दीच्या अलीकडच्या शेवटच्या थांब्यापर्यंतच मागा.

भाषा

घटनेच्या अनुच्छेद 350 प्रमाणे तक्रारीचं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. म्हणजे मराठीत देण्याचा हक्क आहे, तो सोडू नका. पण टिपणी लिहिणारा कारकून कन्नडमध्ये लिहितो. मागे कन्नड भाषांतर जोडलं नाही तर कागद भाषांतराच्या नावाखाली पडून राहतो. मराठी मूळ प्रत वर, कन्नड खाली, आकड्यांचा तक्ता एकच. माहिती अधिकाराचं मात्र वेगळं आहे: कलम 6 प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे इथे कन्नडमध्ये.

निवेदन दिल्यावर दुय्यम प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला म्हणजे पोच मिळाली असं होत नाही. 30 दिवसांत हालचाल नसेल तर माहिती अधिकारात विचारा: अमुक आवक क्रमांकावर काय टिपणी झाली, या मार्गावर गेल्या तीन महिन्यांत नेमून दिलेल्या फेऱ्या किती, प्रत्यक्ष झालेल्या किती, रद्द किती. फी 10 रुपये. कर्नाटकच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. लांबण लावली की तेवढ्यावरून फेटाळतात. उत्तर 30 दिवसांत, न आल्यास पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. रद्द फेऱ्यांचा आकडा हाती आला की बरेचदा नवीन फेरी मागावीच लागत नाही, कागदावर असलेलीच रस्त्यावर आणायची असते.

मंजुरी मिळते ती बहुधा प्रायोगिक फेरीची. पहिल्या महिन्यात गाडी रिकामी गेली तर ती गुपचूप बंद होते. म्हणून सुटण्याची वेळ शाळा, देऊळ, दूध डेअरी आणि किराणा दुकानावर चिकटवा, आणि वही घेऊन तीच दोन माणसं पुन्हा थांब्यावर उभी करा.