गच्चीवरच्या एसी युनिटची तांब्याची पाइपलाइन

नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हात गच्चीवरचं उघडं इन्सुलेशन भुगा होतं. वरून पीव्हीसी केसिंग घालाच. जाड अन् बारीक, दोन्ही नळ्यांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं. स्प्लिटमध्ये गॅस बहुधा बाहेरच्या युनिटमध्येच फैलावून थंड होतो, म्हणून बारीक नळीलाही घाम सुटतो.

नळी कटरनंच कापा. तोंड खाली धरून रीमर (कापलेली कड साफ करणारं हत्यार) फिरवा, म्हणजे कीस आत पडत नाही. नट आधी ओवा, मग फ्लेअर करा, म्हणजे नळीचं तोंड फुलवा (उलटं करणारे कारागीर बरेच पाहिले). फ्लेअरवर बोटानं थोडं कॉम्प्रेसरचं तेल, नट हातानं बसवा, मग टॉर्क पाना (ठरावीक जोरानंच आवळणारा). गळती पाहायला नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावा.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा काढणं, ५०० मायक्रॉनच्या (इथे दाबाचं माप) खाली. ‘गॅस सोडूनच हवा काढून देतो ना भाऊ’ म्हणणाऱ्याला चहा पाजा अन् वाटेला लावा. आर-३२ हा एसीतला गॅस पेट घेतो.