हिवाळ्यात घरच्यांना घेऊन महाबळेश्वर: या चुका टाळा

डिसेंबर लागला की आमच्या घरी एकच विषय निघतो, शनिवार-रविवार महाबळेश्वरला जायचं का. लहानपणी वडिलांबरोबर एसटीनं गेले, आता मुलांना आणि सासूबाईंना घेऊन गाडीनं जाते. इतक्या वेळा जाऊन एक गोष्ट पक्की कळली आहे. घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं माणूस ज्या वेगानं चालतं, त्या वेगावर सहल बेतली तर सगळे आनंदात परत येतात. आणि बहुतेक जण सहल बेततात ती मात्र पॉइंटांच्या यादीवर.

तारीख निवडतानाच गडबड होते. नाताळ ते एक जानेवारी आणि २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी, हे दिवस शक्य असेल तर सोडाच. पाचगणी ते महाबळेश्वर हे जेमतेम वीस किलोमीटरचं अंतर, पण त्या दिवसांत तिथे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात आणि मागच्या सीटवरचं पोर दर पाच मिनिटांनी विचारतं, "आलं का?" डिसेंबरचा दुसरा आठवडा किंवा जानेवारीचा मधला आठवडा पाहा. थंडी तीच असते, खोल्यांचे दर उतरलेले असतात आणि बाजारात मोकळेपणानं चालता येतं.

दुसरी गडबड म्हणजे चुकीच्या ऋतूचं महाबळेश्वर डोक्यात घेऊन जाणं. फोनवर फिरणारे कासच्या फुलांचे फोटो ऑगस्ट ते ऑक्टोबरमधले असतात, हिवाळ्यात ते पठार वाळलेल्या गवताचं असतं. लिंगमळ्याचा धबधबा पावसाळ्यात कोसळतो तसा जानेवारीत दिसत नाही, धार बारीक झालेली असते. मुलांना आधीच सांगून ठेवा, हिरमोड टळतो. हिवाळ्याचं महाबळेश्वर वेगळं आहे: स्वच्छ निळं आकाश, लांबवर दिसणाऱ्या कोकणाकडच्या डोंगररांगा, स्ट्रॉबेरी आणि पहाटेचे हिमकण.

या हिमकणांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. "महाबळेश्वरात बर्फ पडला" असं ऐकून लोक मुलांना हिमवर्षाव दाखवायला निघतात. तिथे बर्फ पडत नाही. रात्र निरभ्र असेल आणि वारा थांबलेला असेल, तर जमिनीतली उष्णता वर निघून जाते. थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते आणि गवतावरचं, पानांवरचं दव गोठतं. म्हणूनच वेण्णा लेक ते लिंगमळा या पट्ट्यात हिमकण दिसतात आणि तिथून वर असलेल्या बाजारपेठेत त्याच पहाटे काहीच नसतं. रोज दिसतील याची खात्री नाही. ढग आले किंवा वारा सुटला की नाहीच. दिसायचे असतील तर ऊन यायच्या आधी तिथे पोहोचायला हवं, सात-साडेसातनंतर पांढरं गवत बघता बघता ओलं हिरवं होतं.

एकदा आम्हाला ते लाभलं. तळ्याकाठी रात्रभर उभ्या असलेल्या जीपच्या टपावर साखर पेरावी तसा थर बसला होता. माझ्या मुलीनं त्यावर बोटानं नाव लिहिलं आणि शेवटच्या अक्षरापर्यंत येईतो तिचं बोट लालबुंद झालं. हातमोजे मी खोलीवर विसरले होते. ती चूक तुम्ही करू नका. आणखी एक कळकळीची विनंती: फोटोसाठी स्ट्रॉबेरीच्या शेतात शिरू नका. आपल्याला गंमत वाटणारा तो थर शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणतो. फूल गोठलं की त्याचा मधला भाग काळा पडतो आणि त्या फुलाला फळ धरत नाही. अशा सकाळी तो माणूस काळजीत उभा असतो. विचारून, वाफ्यांच्या मधून चाला.

घाटात गाडी लागते, त्याचं काय?

मुंबईहून निघालात तर खंडाळ्याचा घाट, खंबाटकी आणि वाईनंतरचा पसरणी घाट, असे तीन घाट लागतात. पुण्याहून शेवटचे दोन. गाडी लागणारं पोर घरात असेल तर खरी परीक्षा पसरणीत. सगळ्यात मोठी चूक म्हणजे "रिकाम्या पोटी लागणार नाही" म्हणून उपाशी नेणं, किंवा हायवेवर मिसळ आणि वडापाव चापून लगेच घाट चढणं. निघताना पोळीचा रोल, केळं, कोरडी भाकरी असं हलकं काहीतरी द्या. वाईत मुद्दाम अर्धा तास थांबा. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या, पोरांना पायऱ्यांवर मोकळं सोडा, मग पसरणी चढा. पुढे बारा-तेरा किलोमीटरवर पाचगणी आहे. घाटात मोबाइल आणि पुस्तक बंद, नजर समोरच्या रस्त्यावर, काच थोडी खाली, तोंडात आवळासुपारी किंवा आल्याची वडी. गोळी द्यायची तर डॉक्टरांना मात्रा विचारून आणि घाटाच्या बरंच आधी द्या, उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते.

गाडी चालवणाऱ्यासाठीही दोन गोष्टी. परतताना घाट उतरताना सारखा ब्रेकवर पाय ठेवू नका. ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. जळका वास आला किंवा ब्रेक दाबायला मऊ लागला, तर सुरक्षित जागी गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबा. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका. पहाटे काचेवर आतून धुकं धरतं तेव्हा हातानं पुसत बसण्यापेक्षा एसी लावून हवेचा झोत काचेवर सोडा, लगेच साफ होतं. आणि बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर निघण्यापूर्वी तपासून घ्या. पुण्यात कुरकुरत का होईना सुरू होणारी गाडी वेण्णेकाठच्या पहाटे हूं की चूं करत नाही.

खोली घेताना

"व्हॅली व्ह्यू" हा शब्द वाचून पैसे भरू नका. एकदा आम्ही दरीच्या दर्शनाचे जादा पैसे भरले आणि खिडकी उघडली तर समोर पाण्याच्या टाक्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पडदा ओढून घेतला. तेव्हापासून मी फोनवर चार प्रश्न ठरवून विचारते. खोली कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का? गरम पाणी किती ते किती? गाडी आवारात लागते का, की रस्त्यावर? जादा रजया मिळतील का? आणि त्याच खोलीच्या खिडकीतून आत्ता काढलेला फोटो मागते. ज्याची खोली चांगली असते तो लगेच पाठवतो. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी नकाशावर दिलेल्या नंबरवर स्वतः फोन करून बुकिंगची खात्री करा. हुबेहूब दिसणारी खोटी पानं बनवून पैसे उकळणारे सुट्ट्यांच्या दिवसांत खूप असतात.

आता जे सांगते ते कृपा करून घरच्या सगळ्यांना वाचून दाखवा. रात्री गारठा वाढला की कोणीतरी म्हणतं, शेकोटीतले निखारे शेगडीत भरून खोलीत घेऊ, आजीचे पाय शेकतील. बंद खोलीत जळता कोळसा कधीही नेऊ नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर दिसत नसला तरी तो असतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं दिवसभराच्या फिरण्यानं दमलो. झोपेत तर कळतही नाही. गॅसच्या गिझरचंही तेच. वारा येतो म्हणून बाथरूमच्या झरोक्यात वर्तमानपत्र कोंबू नका, आणि गिझर आतच बसवलेला असेल तर बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच पोराला आंघोळीला न्या. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन लावा. शेकोटी अंगणातच बरी. आजीच्या पायांसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी घरूनच न्या, आणि जादा रजई दुपारीच मागून ठेवा, रात्री दहाला काउंटरवर कोणी सापडत नाही.

कपड्यांत एकच चूक सगळे करतात: एक जाडजूड जॅकेट. दुपारी उन्हात ते अंगावर नको होतं, मुलं काढून फेकतात, आणि सूर्य मावळला की वीस मिनिटांत हुडहुडी भरते. आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर स्वेटर, असं एकावर एक घाला. कानटोपी, पायमोजे आणि ओठांना लावायला व्हॅसलीन विसरू नका. दम्याचा त्रास असलेल्यांनी पंप सामानाच्या बॅगेत न ठेवता खिशातच ठेवावा आणि पहाटे बाहेर पडताना नाकावर मफलर घ्यावा.

दोन दिवसांत किती बघायचं?

टॅक्सीवाल्यांकडे महाबळेश्वर दर्शन, पाचगणी दर्शन, प्रतापगड दर्शन अशा ठरलेल्या फेऱ्या असतात. दोन दिवसांत तिन्ही करणं म्हणजे दिवसभर गाडीत चढणं-उतरणं. आम्ही तसं करून पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी आर्थर सीटला सासूबाई गाडीतच बसून राहिल्या आणि मुलं रडत होती. आता एका दिवशी एकच लांबची जागा ठेवते. सकाळी क्षेत्र महाबळेश्वर: पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचं पाणी जिथे एकत्र येतं तिथे आजी शांत बसतात, आणि तिथून आर्थर सीट ज्यांना जमेल त्यांनीच. प्रतापगडाला खूप पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना "थोडंच आहे" असं सांगून नेऊ नका. त्यांच्यासाठी भिलारला जा. २०१७ साली ते पुस्तकांचं गाव झालं, घराघरांत मराठी पुस्तकं मांडलेली आहेत, कोणीही उचलून वाचावं. माझे सासरे तिथे तीन तास एका ओसरीवर बसले होते आणि पोरं पलीकडच्या शेतात स्ट्रॉबेरी खात होती.

हिवाळ्यात दिवस लहान, हे नियोजन करताना विसरायला होतं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बॉम्बे पॉइंटवर मावळती पाहायची तर पाचपर्यंत पोहोचा, नाहीतर ती गाडीतूनच पाहावी लागते. पॉइंटांवर खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं आधी पिशवी बघतात आणि मग ती कुणाच्या हातात आहे ते. लहान मूल असेल तर ते घाबरतं.

रविवारी परतताना दुपारी जेवून निघालात की सगळ्यांबरोबर पसरणीत अडकता. सकाळी नाश्ता करून निघा आणि जेवण वाईत घ्या. घाट तुंबल्याचं कळलं तर केळघर-मेढामार्गे साताऱ्याला उतरता येतं. वळणं तिथेही आहेत, अंधार पडल्यावर मात्र अनोळखी माणसानं त्या रस्त्याला जाऊ नये.

राहता राहिली स्ट्रॉबेरी. पहिल्याच दिवशी पेटी घेऊन दोन दिवस गाडीत ठेवली की घरी पोहोचेतो खाली रस जमतो. निघायच्या सकाळी घ्या. पेटी हातात घेऊन तळ बघा. वरचा थर सगळेच छान लावतात, ओल किंवा डाग दिसतो तो खालून. देठाजवळ पांढरं असलेलं फळ घरी पिकेल या आशेवर घेऊ नका, तोडल्यावर स्ट्रॉबेरी लाल होईल कदाचित, गोड होत नाही. घरी नेईपर्यंत धुऊ नका, पेटीवर पेटी रचू नका आणि डिकीत ठेवू नका. आमच्याकडे ती पेटी आजींच्या मांडीवर असते, शाल खाली घालून, थेट पुण्यापर्यंत.